विसाव्या मिनिटाला फोन काय करतो?

भाऊबीजेच्या रात्री जेवणं आटोपली की आमचा कट्टा भरतो. पुण्यात चिप डिझाइनमध्ये असलेला रघू दिवाळीला अकोल्यात येतोच. संत्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचा धाकटा भाऊ निल्या स्पर्धांमध्ये मोबाइल गेम खेळतो. तो माझा माजी विद्यार्थी. मी शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा वादाची सुरुवात निल्याने केली.

"रघूदादा, आता फोनवर पीसीसारखे ग्राफिक्स येणार म्हणतात. रे ट्रेसिंग बिंग सगळं."

"येऊन करतीन काय?" संत्या म्हणाला. "मे महिन्यात माह्या दुकानात ये अन् पाय. पंचेचाळीस डिग्रीत गेम खेळून फोन भाजलेला, बॅटरी फुगलेली. अजून ताकद कायले पाहिजे?"

निल्या चिडला. रे ट्रेसिंग म्हणजे प्रकाशाचा किरण कुठे आपटतो, कुठे वळतो याचा हिशेब करून सावल्या आणि प्रतिबिंबं काढणं. सॅमसंगच्या एक्सिनॉस २२०० या फोनच्या चिपमध्ये २०२२ च्या सुरुवातीला त्यासाठीचं हार्डवेअर आलं, एएमडीच्या ग्राफिक्सवर बेतलेलं. त्याच वर्षअखेरीला स्नॅपड्रॅगन ८ जेन २ मध्ये आलं, २०२३ मध्ये ॲपलच्या ए१७ प्रोमध्ये. "मग पुढे जायचंच नाही का?" हा निल्याचा सवाल.

रघूने त्याला थांबवलं. "पुढे जायचंय, पण कशात ते बघ. मोठ्या पीसीचं एक ग्राफिक्स कार्ड एकटं ४५० वॅट खातं. फोनला बराच वेळ सोसवतात ते जेमतेम चार-पाच वॅट. पंखा नाही, काचेच्या मागून जेवढी उष्णता जाईल तेवढीच. आणि या चार-पाच वॅटमधला मोठा वाटा गणितात जात नाही रे, मेमरीशी ये-जा करण्यात जातो."

ते आमच्या डोक्यात शिरेना. समोरच्या अंगणात संत्याच्या वहिनींनी काढलेली रांगोळी होती. रघूने तिच्याकडे बोट दाखवलं. "रंगांचे डबे माजघरात ठेवले आणि प्रत्येक चिमटीसाठी आत जाऊन यायचं ठरवलं, तर वहिनी रांगोळीनं दमतील की चालण्यानं?"

म्हणून फोनचा जीपीयू, म्हणजे चिपमधला चित्रं काढणारा भाग, अख्खं चित्र एकदम काढत नाही. तो पडद्याचे छोटे चौकोन पाडतो, १६ बाय १६ किंवा ३२ बाय ३२ पिक्सेलचे. एका चौकोनाचं सगळं रंगकाम चिपमधल्याच इवल्याशा मेमरीत उरकतो आणि तयार तुकडा तेवढा बाहेर पाठवतो. पॉवरव्हीआर, माली, ॲड्रेनो, ॲपल, फोनचे हे सगळे जीपीयू थोड्याफार फरकाने याच वाटेने आले. आता हा हाताशी असलेला डबा मोठा होतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या स्नॅपड्रॅगन ८ एलिट जेन ५ च्या ॲड्रेनोला १८ एमबीची स्वतःची मेमरी दिली आहे. मी तिथेच हिशेब केला. फुल एचडी चित्रात वीस लाखांवर पिक्सेल. प्रत्येकाला रंगाचे ४ बाइट आणि खोलीचे, म्हणजे तो बिंदू किती आत आहे त्याचे, ४ बाइट धरले तर साधारण १६.६ एमबी. म्हणजे अख्खं चित्र हाताशी मावतं! मला हे फार सुंदर वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"पण किरणांचं काय?" निल्याने गाडी रुळावर आणली. रघू म्हणाला, खरी पंचाईत तिथेच आहे. डोळ्यापासून निघालेले शेजारशेजारचे किरण एकाच दिशेने जातात, त्यांना लागणारी माहितीही शेजारीच असते. पण खडबडीत भिंतीवर आपटले की ते दाही दिशांना पांगतात आणि मेमरीत जागोजागी शोधाशोध सुरू होते. चिपचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीच्या नव्या माली जी१-अल्ट्रामध्ये प्रत्येक किरण स्वतंत्रपणे हाताळण्याची सोय केली आहे ती यासाठी. पूर्वी ते गठ्ठ्याने न्यायचे आणि गठ्ठा फुटला की काम अडायचं.

संत्या इतका वेळ ऐकत होता. "म्हंजे तापणं कमी होईन का नाही, तेवढं सांग."

तेव्हा रघूने ज्याच्यावरून खरं भांडण पेटलं ती गोष्ट काढली. आर्मने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय की त्यांच्या पुढच्या जीपीयूंमध्ये न्यूरल ॲक्सलरेटर, म्हणजे एआयचं गणित झटपट करणारे भाग, बसतील, २०२६ पासून. ॲपलने ए१९ प्रोच्या प्रत्येक जीपीयू कोअरमध्ये ते बसवलेही. आर्मची कल्पना अशी: गेमचं चित्र पिक्सेलच्या ५४० ओळींचंच काढायचं आणि न्यूरल नेटवर्कने ते १०८० ओळींचं करायचं. पिक्सेल एक चतुर्थांशच काढावे लागतात. जीपीयूचं काम निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतं, असा आर्मचा दावा आहे, आणि वाढवायला दर चित्रामागे ४ मिलीसेकंद.

"चार?" निल्या ताडकन म्हणाला. "सेकंदाला १२० फ्रेम म्हणजे एका चित्राला माझ्याकडे आठच मिलीसेकंद असतात."

"म्हणून आधी साठ फ्रेमवाल्यांचं भलं होईल," रघूने मान्य केलं.

माझी हरकत वेगळी होती. चार पिक्सेलांपैकी एकच मोजलेला आणि तीन अंदाजाने भरलेले. गेममध्ये गवताचं पातं इकडचं तिकडे झालं तर चालेल. पण मी मुलांना टॅब्लेटवर हृदयाचं त्रिमितीय मॉडेल फिरवून दाखवतो. झडपांना खालून धरून ठेवणारे दोऱ्यासारखे तंतू त्यात असतात. ५४० ओळींत ते पिक्सेलपेक्षा बारीक झाले तर यंत्र काय भरणार? त्याला ते माहीतच नसतील. मुलं पुस्तकापेक्षा पडद्यावर जास्त विश्वास ठेवतात.

रघू म्हणाला, ते नुसत्या एका चित्रावरून अंदाज बांधत नाही. मागची चित्रं, कोणता बिंदू किती सरकला याची नोंद आणि खोली, हे सगळं त्याला दिलेलं असतं. दर चित्राला नमुना घ्यायची जागा किंचित हलवतात, म्हणून एका चित्रात निसटलेला तंतू पुढच्यात सापडतो. "मॉडेल स्थिर असेल तर," मी म्हणालो. मुलं ते गरगर फिरवतात. यावर तो जरा गप्प झाला.

संत्याने मात्र माझ्यावरच डाव उलटवला. "मास्तर, तुमच्या शाळेतले टॅब स्वस्तातले. आता त्याहीवर ते हृदय अडकत-अडकत फिरते. काम निम्मं झालं तर त्या पोरायलेच जास्त फायदा. महाग फोनवाल्यायचं काय अडलं?"

हे मला पटलं. माझी हरकत तरीही तशीच आहे. पहिल्या मिनिटाचे, यंत्र तापायच्या आधीचे आकडे सगळे छापतात. वर्गात तास पस्तीस मिनिटांचा असतो, आणि विसाव्या मिनिटाला टॅब्लेट हातात धरवतो का, चित्र खरं राहतं का, एवढं मला बघायचं आहे. स्वस्त टॅब्लेटमध्ये ही काटकसर यावी असं मला मनापासून वाटतं, पण तंतू गमावून नव्हे.

अकराच्या पुढे वाजले होते. उठताना रघू म्हणाला, आर्मने चित्र वाढवणारं ते न्यूरल मॉडेल खुलं केलंय, हार्डवेअर नसलं तरी पीसीवर त्याची नक्कल करून, म्हणजे इम्युलेशनमध्ये, बघता येईल. उद्या दहाला तो लॅपटॉप घेऊन येणार आहे. हृदयाची फाइल मी आत्ताच पेन ड्राइव्हवर काढून ठेवली.