ताडोबाच्या परमिटचा तो मेसेज पुढे पाठवू नका

"ताडोबाचं बुकिंग फुल्ल दाखवतात ते सगळं नाटक. आधारचा फोटो आणि ॲडव्हान्स खालच्या नंबरवर टाका, कोअरचं परमिट मिळेल. नावं कुणाचीही असली तरी गेटवर चालतात. मंगळवार घ्या, गर्दी नसते. पावसाळ्यातही आत सोडतात."

ताडोबाच्या सफारीचा हा मेसेज सगळीकडे फिरतोय. (कोअर म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा आतला गाभा.) परवा मावशीचा फोन आला, "अगं, काम झालं, चौघांची आधारकार्डं पाठवली." चौघांत तिची नऊ वर्षांची नातही आली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आधी नावांचं, कारण सगळ्यात घातक थाप हीच. परमिट माणसाच्या नावावर निघतं आणि बुकिंग करताना दिलेलं मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटेच्या अंधारात मी हे पाहिलंय. वनरक्षक बॅटरीच्या उजेडात कागदावरचं एकेक नाव वाचतो, कार्ड हातात घेतो, चेहरा बघतो, मगच सफारीची जिप्सी पुढे सरकते. आमच्या मागच्या गाडीत एक गृहस्थ भावाच्या नावावर आले होते. त्यांना उतरवलं. बायको-मुलं आत गेली आणि ते सफारी संपेपर्यंत गेटबाहेर बसून राहिले. हा सख्ख्या भावाचा प्रकार, मग परक्याच्या नावाचं परमिट काय चालणार? पैसे जातात आणि लेकराच्या आधारचा फोटो कुणा अनोळखी माणसाच्या फोनमध्ये राहतो.

मंगळवारी गर्दी नसते, कारण मंगळवारी कोअर बंद असतं. एवढंही ज्याला माहीत नाही, तो परमिट विकतोय!

फुल्ल हे नाटक नाही. जुलै २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. पर्यटनाला कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भाग, गाड्यांची संख्या जंगलाच्या धारणक्षमतेवर, प्राणी बघताना दोन गाड्यांत किमान ५० मीटर अंतर, हे सगळं त्यात आहे. ताडोबाचं कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर असलं, तरी जिप्सी मोजक्याच सुटणार आणि एकीत पर्यटक सहाच बसणार. मे महिन्यात सगळ्यांनाच जायचं असतं. एजंट जागा अडवतात, ही तक्रार मीही केलीय, ती अगदीच खोटी नाही. पण म्हणून आणखी एका एजंटाच्या हातात पैसे द्यायचे?

पावसाळ्याचं अर्धं खरं आहे. जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याची, काही गेटं चालू. मेसेजवाला बफर दाखवून कोअरचे पैसे मागतोय.

बुकिंग वन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करा, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघून. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. मावशीच्या घरी बसून आम्ही तोच लावला आणि चौघांच्याही आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. तिला डिसेंबरातल्या एका बुधवारची कोलारा गेटची सफारी मी बुक करून दिलीय. चारही नावं आधारवर आहेत तशीच टाकलीत.