स्मार्टवॉचला हार्ट अटॅक कळत नाही

सध्या फिरणाऱ्या एका मेसेजचा दावा असा: स्मार्टवॉच घातलं की हार्ट अटॅक आधीच कळतो, बीपी-शुगर मनगटावरच दिसते, मग तपासण्या हव्यात कशाला?

हार्ट अटॅकचा दावा सर्वांत घातक. घड्याळाच्या ईसीजीत एक इलेक्ट्रोड मनगटाखाली, दुसरा दुसऱ्या हाताच्या बोटाखाली. मिळते ती साधारण 30 सेकंदांची एकाच लीडची, म्हणजे हृदयाच्या विद्युत हालचालीकडे एकाच कोनातून पाहणारी, पट्टी. दवाखान्यात 10 इलेक्ट्रोड लावून 12 लीड्स काढतात, त्यातल्या सहा छातीवरच्या. रक्तवाहिनी बंद पडल्याच्या खुणा बऱ्याचदा या छातीवरच्या किंवा हृदयाच्या खालच्या भागाच्या लीड्समध्येच दिसतात. पहिला 12 लीडचा ईसीजीही कधी नॉर्मल येतो, म्हणून तो पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारं प्रथिन) तपासतात. छातीत दाब, दरदरून घाम असताना स्क्रीनवर ‘सायनस ऱ्हिदम’ आलं, तर त्याचा अर्थ ठोक्यांची लय ठीक आहे, एवढाच. दुसरी पट्टी काढत बसू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

शुगर: त्वचेला न टोचता शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी मान्यताप्राप्त नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने) फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. खोट्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर शुगर धोकादायकरीत्या उतरते. सीजीएम, म्हणजे शुगर सतत मोजणारा सेन्सर, वेगळं. त्याची बारीक तार त्वचेखाली जाते, घड्याळ फक्त त्याचा आकडा दाखवतं. तोही रक्तातल्या शुगरच्या काही मिनिटं मागे असतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचून ग्लुकोमीटरवर पाहावं.

बीपी दाखवणारी काही घड्याळं आहेत, पण त्यातल्या बऱ्याच मॉडेल्सना ठरावीक काळाने दंडाच्या कफवर कॅलिब्रेट करावं लागतं, म्हणजे कफच्या मापाशी जुळवून घ्यावं लागतं. त्यावरून गोळीचा डोस बदलू नये. ऑक्सिजनचा आकडा गार हात, सैल पट्टा, हालचाल किंवा टॅटूमुळे चुकतो.

म्हणून घड्याळ निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे हृदयाची एक प्रकारची अनियमित लय, पकडण्यात त्याचं खरं मोल आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत 4 लाखांहून अधिक लोक होते; जेमतेम 0.5 टक्के लोकांना घड्याळाकडून अनियमित ठोक्यांचा इशारा मिळाला. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर ईसीजी पॅच (छातीवर चिकटवून ठोके सतत नोंदवणारी पट्टी) लावून परत पाठवला, त्यांच्यातल्या 34 टक्क्यांमध्ये एएफ सापडलं. बाकीचे सगळे इशारे खोटेच होते असं नव्हे, कारण एएफ येतं-जातं. म्हणूनच धडधड होत असतानाच पट्टी काढावी: हात टेबलावर स्थिर, पट्टा घट्ट, बोट कोरडं. वेळ आणि लक्षणं नोंदवून पीडीएफ डॉक्टरांना दाखवावी. दवाखान्यात पोहोचेपर्यंत लय पूर्ववत झालेली असू शकते.