व्होल्टेज उतरले म्हणून गीझर जास्त करंट ओढत नाही

'ओहमचा नियम समजून घ्या, वीजबिल निम्मे करा' असा एक संदेश सध्या कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. एरवी त्याकडे दुर्लक्ष केले असते; परंतु कसबा बावड्यातल्या माझ्या आत्याने तो वाचून वायरमनला गीझरसाठी 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, आणायला सांगितला, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

संदेशाचे म्हणणे असे, की वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. त्यामुळे व्होल्टेज उतरले की 2000 वॅटचा गीझर तेवढे वॅट भरून काढण्यासाठी जास्त करंट ओढतो, बिल वाढते आणि 16 चा एमसीबी ट्रिप होतो. सबब 32 चा बसवावा. सूत्र बरोबर आहे, पण लिहिणाऱ्याने 2000 हा आकडा काळ्या दगडावरची रेघ मानला आहे. छापलेले वॅट 230 व्होल्टसाठी असतात. जवळपास कायम राहतो तो कॉइलचा रोध. 230 चा वर्ग भागिले 2000, म्हणजे सुमारे 26.5 ओहम. व्होल्टेज 190 वर आले, तर करंट, म्हणजे व्होल्ट भागिले रोध, 8.7 वरून 7.2 अँपिअरवर उतरतो आणि 1365 वॅट उरतात. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर नेण्यास सोळाऐवजी तेवीस मिनिटे लागतील. युनिट मात्र दोन्ही वेळा अर्ध्याच्या आसपासच पडेल.

भाराखाली चालणाऱ्या मोटरीचे तसे नाही, एवढे नाइलाजाने मान्य करतो. कमी व्होल्टेजवर ती खरोखरच जास्त करंट घेते आणि शेतपंप त्यापायीच जळतात. ते कुठेतरी ऐकून गीझरला चिकटवलेले दिसते.

खरा संताप येतो तो एमसीबीच्या सल्ल्याचा. एमसीबी मुख्यतः भिंतीतल्या वायरचे रक्षण करण्यासाठी असतो. आयएस 8130 या भारतीय मानकानुसार दीड चौरस मिलिमीटरच्या, क्लास 2 च्या, म्हणजे अनेक तारा पिळलेल्या, तांब्याच्या वाहकाचा रोध 20 अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे कमाल 12.1 ओहम असतो. बोर्डापासून गीझर दहा मीटरवर धरला, तर जाणारी-येणारी मिळून वीस मीटर वायर होते आणि तिचा रोध 0.242 ओहम भरतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 16 अँपिअरला 62 वॅट, तर 32 अँपिअरला 248 वॅट, म्हणजे चौपट उष्णता, प्लास्टरखालच्या पाइपात कोंडून राहील. वायरचे आवरण मऊ पडेल आणि 32 चा एमसीबी तरीही जागचा हलणार नाही. 8.7 अँपिअरच्या गीझरवर 16 चा एमसीबी ट्रिप होत असेल, तर कॉइल शॉर्ट झाली आहे, जोडणीचा स्क्रू ढिला होऊन तापतो आहे, की त्याच लाइनवर इस्त्री आणि ओव्हनही टाकले आहेत, हे आधी पाहावे.

मल्टीमीटरवर 100 वॅटच्या बल्बचा रोध 40 ओहम दिसतो, म्हणून तो प्रत्यक्षात 1300 वॅट खातो, हा शोधही त्याच संदेशातला. ते 40 ओहम थंड तारेचे असतात. पेटलेल्या तारेचा रोध 529 ओहम असतो. संदेश खरा असता, तर दहा तासांत 13 युनिट पडली असती; पडते एक.

राहिली प्लगात खोचायची 'वीज बचत' डबी. तिच्यात बहुधा कपॅसिटर असतो आणि उद्यमनगरातल्या कारखानदाराला पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्याचे प्रमाण, सुधारण्यासाठी कपॅसिटर लागतोही. परंतु घरगुती बिल किलोवॅट-तासांवर, म्हणजे युनिटवर, निघते, आणि गीझरसारख्या निव्वळ रोधाच्या उपकरणाचा पॉवर फॅक्टर मुळातच 1 असल्यामुळे त्या डबीला सुधारायला काही उरतच नाही.