संशयात्मा, दुधीचा रस आणि परळचे गिनीपिग

गेले काही दिवस एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, मथळा ‘शंका घेणाऱ्याला ज्ञान मिळत नाही’. आधी तो सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी न वाचताच पुढे गेलो. मग मुलुंडच्या मावशीने तो वाचून बीपीची गोळी बंद केली. ‘अरे, डॉक्टरलाच खात्री नाही. मागच्या वेळी एक डोस, आता दुसरा. मी कशाला घेऊ?’ म्हणजे आता वाचणं भाग होतं.

तर फॉरवर्ड म्हणतो असं: विज्ञान आज एक सांगतं, उद्या दुसरं. गीतेने संशय घेणाऱ्याचा नाश सांगितलाय, शंका घेणं आपल्या परंपरेत बसतच नाही. हवामान खातं ‘शक्यता’ म्हणून हात झटकतं. ‘टेस्ट करू, मग बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरला काही येत नाही, खरा जाणकार गॅरंटी देतो. आणि शंका पसरवणं हा मोठ्या कंपन्यांचा धंदा आहे. तेव्हा रोज सकाळी दुधीचा रस घ्या, बीपी आणि शुगर दोन्ही जातील, शंभर टक्के. शंका न घेता दहा जणांना पाठवा.

विज्ञान बदलतं याचा पुरावा काय, तर प्लुटो. २००६ साली खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहाची व्याख्या ठरवली, प्लुटो तीत बसला नाही. त्याची कक्षा होती तीच राहिली. पुढे चला.

गीतेचा मुद्दा मात्र असा सोडता येत नाही, कारण मावशीला सगळ्यात जास्त तोच पटला होता. ‘संशयात्मा विनश्यति’ हे चौथ्या अध्यायातल्या ४०व्या श्लोकातले शब्द, आणि भाष्यकारांनीही संशयात्म्याला फार सवलत दिलेली नाही, हे मान्य. पण त्याच्या सहाच श्लोक आधी ज्ञान कसं मिळवायचं ते सांगताना ‘परिप्रश्नेन’ आहे, म्हणजे प्रश्न विचारून. आणि अध्यायाच्या शेवटच्या श्लोकात संशय कशाने तोडायचा तेही आहे: ज्ञानाच्या तलवारीने. मोबाइलवरच्या अंगठ्याने नव्हे. पुढे सहाव्या अध्यायात अर्जुन सरळ म्हणतो, हा माझा संशय पुरता छेदून टाक. श्रीकृष्ण त्याच्यावर डाफरत नाही, उत्तर देतो.

राहिली ‘आपली परंपरा’. न्यायदर्शन म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र. त्याच्या पहिल्याच सूत्रात जे सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, मोजलेत, त्यांत प्रमाण (जाणण्याचं साधन) आणि प्रमेय (जाणायची गोष्ट) यांच्या पाठोपाठ तिसरा नंबर संशयाचा, आणि निर्णय नववा. त्यावरच्या भाष्यात वात्स्यायन सांगतो की जे मुळीच ठाऊक नाही त्याबद्दल न्याय, म्हणजे तर्काने केलेली तपासणी, चालत नाही, जे ठरून गेलंय त्याबद्दलही नाही. जिथे संशय आहे तिथेच चालतो. परंपरेच्या नावाने फॉरवर्ड लिहिणाऱ्याने निदान तिचं पहिलं सूत्र तरी वाचावं.

हवामानाचं एका दमात. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. एकच शहर, एकच दिवस. त्या दिवशी ज्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठलं, त्यांनी तरी ‘शक्यता’ या शब्दाला हसू नये.

आता डॉक्टर. ‘ज्याला खात्री नाही त्याला येत नाही’ हे वाक्य आपल्याच मुंबईत एकदा फार मोठ्या प्रमाणावर तपासून झालंय.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. साथ पसरली तशी सरकारी यंत्रणा कामाला लागली, आणि तिच्याकडे खात्रीची कमतरता नव्हती. रोग घाणीतून, कोंदट हवेतून, माणसाच्या कपड्यालत्त्यातून येतो असं धरून गटारांत कार्बोलिक हे जंतुनाशक ओतलं, घरांची कौलं काढली, रोग्यांचं सामान जाळलं, राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर शिक्के मारले. माणसांना घरातून ओढून नेलं. प्लेग दर हिवाळ्यात परत येतच राहिला.

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच डॉक्टरने म्हटलं, हे उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे होत असावं. त्या काळी नेमलेल्या प्लेग कमिशनने ते बाजूला सारलं. म्हणजे खात्रीवाले जिंकले. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या प्रयोगशाळेत, आज जिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे तिथे, १९०५पासून नव्या कमिशनने हाच प्रश्न पुन्हा उकरला. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. हवा सगळ्यांना तीच. जमिनीलगतच्या पिंजऱ्यांतले गिनीपिग मेले. पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले जगले. कौलं काढून जे कळलं नाही ते पिंजरा वर टांगून कळलं, कारण कोणीतरी ‘खरंच हवेतून येतो का?’ असं विचारलं होतं.

यावर मावशीचा प्रश्न अगदी रास्त होता: तोवर काय हातावर हात धरून बसायचं? नाही. वाल्देमार हाफकिन हा जीवाणुशास्त्रज्ञ बसला नाही. प्लेग माणसापर्यंत नेमका कसा येतो हे ठरलेलं नव्हतं, तरी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस बनवली, १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात ती घ्यायला तयार झालेल्या कैद्यांना दिली. तिथे त्याने लस न घेतलेल्या कैद्यांशी तुलना केली, हे महत्त्वाचं. पूर्ण खात्री असती तर त्या तुलनेची गरजच काय होती? शंका होती म्हणून मोजलं, आणि मोजलं म्हणून पुढे हजारोंना टोचता आलं.

मावशीचा डॉक्टर लहान प्रमाणात तेच करतोय. गोळी देतो, काही आठवड्यांनी बीपी मोजतो, आकडा पाहून डोस बदलतो. प्रत्येकाच्या शरीरावर औषध सारखं चालत नाही, म्हणून बदलतो. तो बदल म्हणजे अडाणीपणाची कबुली नव्हे, तोच इलाज आहे. उलट बीपी वाढलेलं बहुतेकांना जाणवतही नाही. गोळी थांबवून ‘मला तर बरं वाटतंय’ म्हणणारा माणूस थेट पक्षाघाताने आडवा होऊ शकतो, आणि त्या वेळी गॅरंटीवाला फोन उचलत नाही.

आणि तो रस. दुधी कधी कधी कडू निघतो, त्या कडवटपणातली द्रव्यं विषारी असतात. कडू रस प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली आणि रस कडू लागला तर पिऊ नका असं बजावलं. फॉरवर्डमध्ये लिहिलंय, ‘कडू लागला तरी संपवावा, तोच गुण.’ हे वाचून मला लिहिणाऱ्याचा पत्ता हवासा वाटला.

एक गोष्ट डॉक्टरमंडळींनीही ऐकावी. दोन मिनिटांत ‘बघू’ म्हणून पुढचा पेशंट बोलावला, डोस का बदलला ते सांगितलं नाही, की माणूस गॅरंटीच्याच दारात जाणार. मावशीला ते कारण कोणी समजावलंच नव्हतं. मी फोनवर समजावलं, मग ती कुरकुरत शेजारच्या नर्सबाईंकडे बीपी मोजायला गेली. आकडा पाहून नर्सबाईंनीच तिला त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं.

उरला शेवटचा मुद्दा, शंका हा कंपन्यांचा धंदा आहे हा. नाइलाजाने सांगतो, हे अर्धं खरं आहे. ब्राउन अँड विल्यमसन या अमेरिकन सिगारेट कंपनीच्या १९६९ सालच्या अंतर्गत टिपणात ‘शंका हाच आपला माल’ अशा अर्थाचं वाक्यच आहे. पण सिगारेटने कॅन्सर होतो हे तोवर मोजून झालेलं होतं. परळला शंका आल्यावर पिंजरे टांगले गेले. सिगारेटवाल्यांना कसलाच पिंजरा टांगायचा नव्हता, उत्तर लांबवायचं होतं. त्यांना तरी १९९८ साली अमेरिकेतल्या ४६ राज्यांशी तडजोड करून पैसे मोजावे लागले. दुधीवाल्याला अजून कोणी एक पावतीसुद्धा मागितलेली नाही.