महिला विश्वचषकाचा सामना ८० मिनिटांचा नसतो

'महिलांच्या फुटबॉल विश्वचषकात सामना ८० मिनिटांचाच असतो, चेंडू आणि गोलपोस्टही लहान असतात' असा मेसेज सध्या ग्रुपमागून ग्रुप फिरतोय. ही माहिती चुकीची आहे.

८० मिनिटांची गोष्ट मात्र अगदीच हवेतली नाही. १९९१ साली चीनमध्ये झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकात सामने खरोखरच तेवढ्या वेळाचे होते. अंतिम सामन्यात मिशेल एकर्सने नॉर्वेविरुद्ध अमेरिकेचा विजयी गोल केला तो ७८व्या मिनिटाला, म्हणजे खेळ जेमतेम दोन मिनिटं उरलेला असताना! १९९५च्या स्वीडनमधल्या स्पर्धेपासून सामना ९० मिनिटांचा झाला, तो आजतागायत. बाद फेरीत बरोबरी झाली तर वर ३० मिनिटं जादा. २०११च्या अंतिम सामन्यात जपानच्या होमारे सावाने बरोबरीचा गोल ११७व्या मिनिटाला केला होता. स्कोअरकार्ड कुणीही उघडून पाहावं.

चेंडू पुरुषांचाच, पाच नंबरचा, ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा. गोलपोस्टही तेच, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच.

मेसेज आला असेल तर कृपया पुढे ढकलू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.