लास्ट प्राईस

गावात अंगणात एखादी गाडी उघडून ठेवली की ती घरच्यांची राहत नाही, गावाची होते. सातबाऱ्यावर एकाचं नाव असतं आणि कसतो दुसराच, त्यातला हा प्रकार.

आमच्या मोठ्या काकांची १९९४ सालची कॉन्टेसा, अँबॅसडरवाल्या हिंदुस्तान मोटर्सची. काका यवतमाळात रस्त्यांची ठेकेदारी करायचे, त्यामुळे गाडी भारी आणि रस्ते जेमतेम. काका गेल्यावर गाडी आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावी आली, गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडात उभी राहिली, आणि तिच्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या गेल्या. मग एक दिवस पुण्याहून चुलतभावाचा फोन. म्हणे, या गाडीला आता ‘इंडियन मसल कार’ म्हणतात, शौकीन लोक शोधत फिरतात, तू नीट करून विक, पैसे अर्धे-अर्धे. अर्ध्या पैशांसाठी तो अर्धं काम करणारच होता. सल्ल्याचं अर्धं त्याने त्याच फोनवर उरकलं.

मसल कार म्हणजे काय, हे मी वाचून काढलं. १९६४ ची अमेरिकेतली पॉन्टिॲक जीटीओ घ्या: ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, सव्वातीनशे हॉर्सपॉवर. आमची कॉन्टेसा मुळात इंग्लंडातल्या वॉक्सहॉल कंपनीच्या साच्यातली, बंगालात उत्तरपाड्याला बनायची. सुरुवातीला त्या एवढ्या मोठ्या धुडात अँबॅसडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं. आमच्या सरपंचांचा ट्रॅक्टरही तेवढाच, पण तो नांगरतो तरी. पुढे जपानच्या इसुझू कंपनीचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि अब्रू राखली. काकांची गाडी या दुसऱ्या इंजिनाची.

पऱ्हाट्या काढल्या तर मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलेली. आईने सांगून टाकलं, पिल्लं निघेपर्यंत मागच्या दाराला हात लावायचा नाही. म्हणून काम पुढून सुरू झालं. वायरिंग उंदरांनी आधीच उरकलेलं होतं. पायाखालची मॅट उचलली तर खाली जमीन दिसली. जमीन आमचीच, तरी गाडीत बसून दिसावी असं काही वाटत नाही.

मिस्त्री दिग्रसहून यायचा. हात ट्रॅक्टरवर बसलेला, त्यामुळे प्रत्येक नट त्याला लहान वाटायचा. गंजलेल्या नटांना तो रात्रभर डिझेल पाजून ठेवायला सांगायचा आणि सकाळी येऊन हातोड्यानेच काढायचा. सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायचं काम मात्र त्याने मन लावून केलं. उंबऱ्याची पट्टी, चाकावरच्या कमानी, बॅटरीखालचा ट्रे, सगळं. पाणी साचून या गाड्या नेमक्या तिथेच सडतात.

समोरच्या ओट्यावरचे आजोबा रोज यायचे. त्यांचा प्रश्न एकच: “ॲव्हरेज किती देते बापू?” इंजिन बाहेर काढून खाटेवर ठेवलेलं होतं, तेव्हाही विचारलं. मी म्हटलं, “आजोबा, सध्या तर खाटेवर हाय.” ते म्हणाले, “ते दिसून राह्यलं मले. पन ॲव्हरेज किती?” बाकीच्यांचं मत ठरलेलं होतं. “कायले पैशे घालून राह्यला भाऊ? भंगारात दे, मोकळा हो.”

बायकोचा मात्र गाडीला विरोध नव्हता. कॉन्टेसाचं बोनेट लांब-रुंद, सपाट, आणि मे महिन्यात तापतं असं की विचारू नका. “अजी, आज बोनेट उघडू नका, मुंगवड्या वाळून राह्यल्या,” हे वाक्य ऐकून मिस्त्री परत गेला, पण त्या दिवसाची मजुरी त्याने लावली ती लावलीच.

सुट्या भागांसाठी नागपूर. अँबॅसडरच्या १८०० आयएसझेड मॉडेलमध्येही हेच इसुझूचं इंजिन होतं, म्हणून कबाड्याकडे मेलेल्या सरकारी अँबॅसडरमध्ये हात घालायचा. कार्बोरेटर असाच मिळाला, कुठल्याशा साहेबाच्या गाडीचा. तो बसवल्यापासून गाडी सकाळी अकराच्या आत सुरू व्हायला तयार नाही. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, सगळ्या बदलाव्या लागल्या.

पण खरा घाम रंगाने काढला. विदर्भात गाडी रंगवायला ऋतूच नाही. मे महिन्यात रंग बंदुकीतून निघून पत्र्यावर पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पत्रा खरखरीत होतो. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या थ्रेशरचा भुसा, नंतर कापसाचं रुवं. श्रावणात हवा ओली, रंगावर पांढुरकी झाक येते. आणि कंप्रेसरला लागणारी लाइन असते रात्री, रंगारी असतो दिवसा. शेवटी पोळ्याच्या तोंडावर उघाड पडली, लाइनही टिकली आणि गाडी मरून रंगाची झाली. काय दिसत होती! आईनेसुद्धा पदराने काच पुसली.

उरलेला डबा मी शेडात ठेवला होता. आमच्या गड्याने पोळ्याच्या सकाळी बैलांची शिंगं त्याच रंगाने रंगवली. तोरणाखाली बैल उभे राहिले तेव्हा गावात दुसऱ्या कोणाकडे कोणी पाहीना. लोक विचारत होते, “हा कोंचा रंग बाप्पा?” दुपारपर्यंत अर्धं गाव वाट्या घेऊन दारात. सणाच्या दिवशी नाही कसं म्हणायचं? डाव्या दाराच्या टचअपला बोटभर रंग उरला नाही.

कागदांचं सांगायलाच नको. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि २० वर्षांवरच्या कारला २०२५ पासून १०,००० रुपये फी. पर्यावरण कर वेगळा. व्हिंटेजची सवलत मागावी तर २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडी ५० वर्षांची हवी, म्हणजे आमची २०४४ मध्ये पात्र होईल. तोवर म्हातारपणाचा दंड आहे, मान नाही.

जाहिरात टाकल्यावर मेसेज आले. नव्वद टक्के लोकांचं एवढंच: “लास्ट प्राईस?” एकाने सीएनजी बसेल का विचारलं. एकजण बदल्यात दुभती म्हैस द्यायला तयार होता, फोटो गाडीच्या फोटोंपेक्षा चांगले होते.

खरं गिऱ्हाईक तान्ह्या पोळ्याला नागपूरहून आलं. माणूस जाणकार. खिशातून लोहचुंबक काढून दारावर फिरवलं, पत्र्यात लांबी, म्हणजे पुट्टी, किती भरली ते पाहायला. मग म्हणाला, “रंग मूळचा पांढरा होता ना? न रंगवता दिली असती तर जास्त दिले असते.” आणि भंगाराच्या जरा वरचा आकडा सांगितला.

मी काही बोलायच्या आत ओटा उठला. ज्यांनी गाडीला वर्षभर भंगार म्हटलं, ते सगळे बोनेटभोवती उभे. “एवढ्यात नाई देत आमी,” एकजण म्हणाला. दुसऱ्याने नवा पत्रा ठोकून दाखवला. पाहुण्याने सवयीने विचारलं, “ॲव्हरेज किती देते?” तर आजोबा उसळले, “अशा गाडीचं ॲव्हरेज पायतेत का कोनी?”

आकडा त्यांनीच वाढवला, त्यांनीच ठरवला. मला फक्त आरसी बुक आणायला सांगितलं. ते मुंगवड्यांच्या डब्यात निघालं.