डोळ्यात बॅटरीचं ॲसिड गेलं तर सोडा घालू नका!

माझा मामेभाऊ भिवंडीला एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायचं काम करतो. काल रात्री त्याने "बॅटरीवाल्यांसाठी ५ टिप्स" असं एक फॉरवर्ड पाठवलं आणि खाली विचारलं, दादा, डोळ्यासाठी सोड्याच्या पाण्याची बाटली भरून ठेवू का? माझी झोपच उडाली.

चौथी टिप आहे ती, डोळ्यात ॲसिड उडालं तर खाण्याच्या सोड्याचं पाणी घाला. अरे बाबांनो, बॅटरीतल्या पाण्यात वजनाने एक तृतीयांशाहून जास्त सल्फ्युरिक ॲसिड असतं! माझ्या पँटवर एकदा थेंब उडाला, दिवसभर काही दिसलं नाही, आणि धुतल्यावर तिथे भोक. तोच थेंब डोळ्यात गेलाय आणि तुम्ही सोड्याचा डबा शोधताय, किती चमचे घालू विचारताय? त्या क्षणी फक्त साधं स्वच्छ पाणी पाहिजे, ताबडतोब, पापण्या बोटांनी उघड्या धरून, माणूस कितीही तळमळला तरी निदान १५ मिनिटं घड्याळ लावून, आणि मग बरं वाटलं तरी थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे. सोडा जमिनीवर सांडलेल्या ॲसिडवर टाकतात, तेवढं खरं आहे, पण डोळा म्हणजे फरशी नाही.

पहिली टिप, ४८ व्होल्टने शॉक बसत नाही, बिनधास्त काम करा. कोरड्या हाताला सहसा बसत नाही, मान्य. पण पान्हा दोन टर्मिनलवर आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात, त्यात अंगठी सापडली तर ती लालबुंद होऊन बोट जातं. चार्जर बंद केला म्हणून बॅटरी बंद होत नाही. अंगठी, कडं, घड्याळ आधी काढा.

पाणी कमी झालं की ॲसिड टाका, ही दुसरी. साफ चूक. चार्जिंगमध्ये पाणी उडतं, ॲसिड आतच राहतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं, तेही फुल चार्ज झाल्यावर, नाहीतर उतू येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी फक्त त्या बुडतील एवढंच.

तिसरी, धूळ जाऊ नये म्हणून झाकण आणि दार लावून चार्ज करा. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, हवेत ४ टक्के झाला की स्फोटाला एक ठिणगी पुरते.

आणि पाचवी, गूळ-दूध घेतलं की अंगात गेलेलं बॅटरीचं शिसं धुऊन निघतं. पोटात कॅल्शियम-लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून नीट जेवा, पण हाडात गेलेलं शिसं दुधाने बाहेर येत नाही. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. टर्मिनल घासलेल्या हाताने तंबाखू मळता ना, तिथून जातं ते तोंडात. आधी साबणाने हात धुवा.

भावाला सांगितलंय, सकाळी शिफ्टला गेलास की पहिलं चार्जिंग रूमजवळच्या नळाला पाणी येतंय का बघ आणि मला फोन कर.